झाकण उघडून मोजा: रक्तविश्लेषक यंत्रांच्या आराखडाकारांना आणि खरेदी समित्यांना खुले पत्र

प्रति,
स्वयंचलित रक्तविश्लेषक यंत्रांचे आराखडे करणारे अभियंते, आणि
सार्वजनिक रुग्णालयांसाठी या यंत्रांचे तांत्रिक निकष ठरवणाऱ्या समित्यांचे सन्माननीय सदस्य

विषय: लहान प्रयोगशाळांसाठी आटोपशीर आणि सर्वांना हाताळता येईल अशी यंत्ररचना

महोदय / महोदया,

कोकणातल्या एका तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मी प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी म्हणून काम करतो. नोकरीला २६ वर्षे झाली. एकेका परीक्षानळीत रंग येण्याची वाट पाहत रंगाची तीव्रता मोजणाऱ्या कलरीमीटरवर केलेली ग्लुकोजची तपासणी मी पाहिली आहे, त्यानंतरचे सेमी-ऑटो यंत्र पाहिले आहे आणि आज ज्यावर आमचा सगळा दिवस चालतो ते फुल्ली-ऑटो बायोकेमिस्ट्री विश्लेषकही रोज हाताळतो आहे. या यंत्रांच्या अचूकतेविषयी माझी तक्रार नाही; सकाळी कंट्रोल, म्हणजे ज्यांचे आकडे आधीच ठाऊक असतात असे नमुने, लावले आणि त्यांचे आकडे बरोबर बसले की दिवसभराच्या आकड्यांवर मी निर्धास्तपणे सही करतो. हे पत्र यंत्र काय मोजते याविषयी नसून ते कसे मांडलेले आहे याविषयी आहे, म्हणजे नमुन्यांची चकती कुठे, कॅन कुठे, गाळणी कुठे, आणि या सगळ्यांपर्यंत पोहोचणारा हात कोणाचा, याविषयी.

आपल्या माहितीपत्रकांत ‘कॉम्पॅक्ट’ हा शब्द हमखास असतो. मराठीत आपण त्याला आटोपशीर म्हणतो, आणि आमचा शब्द मला अधिक नेमका वाटतो. आटोपशीर म्हणजे नुसते लहान नव्हे, तर जे माणसाला आटोपते, हातात राहते, ते. जे यंत्र लहान दिसते पण ज्याची गाळणी साफ करण्यासाठी दोन माणसांना ते ओट्यावरून ओढावे लागते, ते कॉम्पॅक्ट असेल, आटोपशीर नाही.

आमच्या खोलीचे उदाहरण देतो, कारण तालुक्याच्या ठिकाणच्या बहुतेक सरकारी प्रयोगशाळांची खोली थोड्याफार फरकाने अशीच असते. खोली १० फूट बाय १२ फूट, भिंतीलगत कडप्प्याचा ओटा, ओट्याची रुंदी २४ इंच, जमिनीपासूनची उंची ३४ इंच, आणि ओट्याच्या वर, जमिनीपासून साधारण सहा फुटांच्या उंचीला, रजिस्टरे ठेवायची फळी. या खोलीत काही वर्षांपूर्वी एक बेंचटॉप विश्लेषक आला. माहितीपत्रकात लांबी ३३ इंच, रुंदी २७ इंच, उंची २२ इंच असे लिहिले होते. कागदावर ते छान बसत होते. प्रत्यक्षात २४ इंचांच्या ओट्यावर २७ इंचांचे यंत्र आधीच ३ इंच पुढे येत होते, त्यात मागून गरम हवा बाहेर पडायला ४ इंच मोकळी जागा हवी असे बसवायला आलेल्या इंजिनिअरने सांगितले, म्हणजे ते ७ इंच पुढे आले, आणि शेवटी स्थानिक सुताराकडून प्लायवूड आणि लोखंडी अँगलचा एक जोड ओट्याला लावून घ्यावा लागला. झाकण उघडल्यावर उंची ४० इंच होत होती. ओट्याचे ३४ मिळवले तर ७४. फळी ७२ वर. पहिल्याच दिवशी झाकण फळीला आपटले आणि दुसऱ्या दिवशी फळी उतरवली. रजिस्टरे तेव्हापासून खुर्चीवर आहेत, आणि खुर्चीवर बसणारा माणूस उभा आहे.

हे झाले फक्त यंत्राचे. त्याच्यासोबत संगणक आला, मॉनिटर आला, प्रिंटर आला, बारकोडचे लहान छपाईयंत्र आले, यूपीएस आणि त्याच्या बॅटऱ्या आल्या, पाण्यासाठी आरओचा संच आला, शुद्ध पाण्याचा एक आणि टाकाऊ द्रवाचे दोन असे तीन कॅन आले. माहितीपत्रकातील मोजमापात यांपैकी एकही वस्तू धरलेली नव्हती. ३३ इंचांचे यंत्र प्रत्यक्षात ६ फूट ओटा आणि त्याखालची सगळी जागा घेऊन बसले. म्हणून माझी पहिली आणि सर्वांत मोठी विनंती ही आहे की यंत्राचे माप झाकण उघडून, कॅन जोडून, संगणक मांडून आणि समोर माणूस उभा करून घ्यावे, आणि माहितीपत्रकात तेच छापावे.

आपण म्हणाल की तपासण्यांचा वेग हवा तर आकार वाढणारच. हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे, म्हणून एक साधा हिशेब मांडतो. ताशी २०० तपासण्या म्हणजे दर १८ सेकंदांना एक क्युवेट, म्हणजे ज्यात नमुना आणि रसायन मिसळून मोजतात ती लहान कुपी. अभिक्रियेला १० मिनिटे, म्हणजे ६०० सेकंद द्यायची तर अभिक्रियेच्या चकतीवर साधारण ३४ जागा लागतात, धुण्यासाठी आठ धरल्या तर ४२. दोन क्युवेटमधले अंतर १२ मिलिमीटर घेतले तर चकतीचा परीघ ५०४ मिलिमीटर आणि व्यास सुमारे १६० मिलिमीटर येतो. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ४०० केला, तर ९ सेकंदांच्या चक्राने ६७ आणि धुण्याच्या ८ अशा ७५ जागा लागतात, परीघ ९०० मिलिमीटर होतो आणि व्यास सुमारे २८६. वेग दुप्पट झाला आणि चकती वाढली पाच इंच. खऱ्या यंत्रातील चकतीची चाल याहून गुंतागुंतीची असते हे मला ठाऊक आहे, पण मुद्दा बदलत नाही. जागा अभिक्रियेची चकती खात नाही. जागा खातात ती रीएजंटच्या, म्हणजे तपासणीच्या रसायनांच्या, बाटल्यांचा थंड कप्पा, पंप, नळ्या, वीजपुरवठ्याचा डबा आणि त्यांच्यामध्ये मोकळी सोडलेली, कोणाच्याही हाताला न येणारी पोकळी. तिथे वेगाचा दोष नाही, मांडणीचा आहे.

आणि वेगाचेच म्हणाल, तर आमच्याकडे दिवसाला साठ-सत्तर रुग्णांचे नमुने येतात, प्रत्येकाच्या पाच-सहा तपासण्या असतात. ताशी २०० चे यंत्र हे काम दोन-अडीच तासांत उरकते. तरीही निविदेत ताशी ४०० मागितलेले असते, कारण आधीच्या जिल्ह्याच्या निविदेत तेच होते. समितीच्या सदस्यांनी राग मानू नये. पण निविदेतला मजकूर एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये जसाच्या तसा उतरतो हे आपल्यालाही माहीत आहे.

या क्षेत्राचा इतिहास पाहिला तर एक गंमत दिसते. क्लीव्हलँडच्या लिओनार्ड स्केग्ज यांच्या कल्पनेवर आधारलेला टेक्निकॉन कंपनीचा ऑटोअ‍ॅनलायझर १९५७ मध्ये बाजारात आला, तेव्हा तो एक यंत्र नव्हताच. नमुने घेणारा भाग, पंप, डायलायझर, गरम पाण्याचे भांडे, कलरीमीटर आणि आलेख काढणारा रेकॉर्डर हे सगळे टेबलावर ओळीने मांडलेले असत आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्यांतून हवेच्या बुडबुड्यांनी वेगळे केलेले नमुने एकामागोमाग एक जाताना डोळ्यांना दिसत. जागा पुष्कळ लागे, पण झाकलेले फारसे काही नव्हते. पुढे हे सगळे भाग एका पेटीत गेले. पेटी लहान होत गेली, आणि जसजशी ती लहान झाली तसतसे एकेक भाग दुसऱ्याच्या मागे लपत गेले. दुसऱ्या टोकाला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमधील कोची वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. मासाहिदे सासाकी यांनी पट्ट्यांवरून नमुने स्वतःहून यंत्रांपर्यंत पोहोचवणारी संपूर्ण स्वयंचलित प्रयोगशाळा उभी केली. आज मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत दिसणाऱ्या ट्रॅकचे ते मूळ. एकीकडे बंद पेटी, दुसरीकडे अख्खा मजला. दहा बाय बाराच्या खोलीत उभ्या असलेल्या माणसाचा विचार या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी राहून गेला.

आता ‘सर्वांना हाताळता येईल’ या शब्दांकडे येतो, कारण जागेपेक्षाही हा प्रश्न मला जास्त टोचतो.

आमच्याकडच्या एका सहकारी बाईंना लहानपणी पोलिओ झाला होता. त्या पायाला आधार देणारे कॅलिपर घालतात आणि एका हातात कुबडी घेऊन चालतात. सगळे रुग्णालय त्यांना ताई म्हणते. रक्तपेशी मोजणाऱ्या सेल काउंटरवर आणि सूक्ष्मदर्शकावर त्यांच्याइतका तरबेज हात माझ्या पाहण्यात नाही. डेंग्यूच्या दिवसांत यंत्राने दिलेला प्लेटलेटचा आकडा खोटा आहे की खरा हे त्या स्लाइड पाहून मिनिटभरात सांगतात. पण बायोकेमिस्ट्रीच्या यंत्रावर त्या एकट्या काम करू शकत नाहीत. याचे कारण त्यांचा पाय नाही, यंत्राची मांडणी आहे. झाकणाला दोन बाजूंना दोन खिट्या आहेत आणि त्या एकाच वेळी दाबाव्या लागतात. दोन्ही हात त्यासाठी लागतात, आणि ताईंचा एक हात कुबडीचा आहे. सेंट्रिफ्यूजमधून काढलेल्या नळ्यांचा रॅक त्या उचलून नेत नाहीत, ओट्यावरून हळूहळू सरकवत नेतात. ही त्यांनीच शोधलेली युक्ती, आणि ती सुरक्षितही आहे. पण यंत्राच्या नमुन्यांची चकती ओट्यापासून १६ इंच वर आहे. सरकवत आणलेला रॅक तिथे येऊन थांबतो आणि ताई कोणाला तरी हाक मारतात.

१६ इंच अधिक ओट्याची ३४, म्हणजे जमिनीपासून ५० इंच. भारतीय स्त्रीची सरासरी उंची साधारण १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट, आणि त्या उंचीच्या बाईचा खांदा ४९ इंचांच्या आसपास येतो. याचा अर्थ दोन्ही पाय धडधाकट असलेल्या आमच्या बहुतेक महिला सहकाऱ्यांनाही नमुनानळी खांद्याच्या पातळीवर हात लांबवून ठेवावी लागते आणि मागच्या बाजूची रीएजंटची बाटली किती रिकामी झाली ते पाहायला स्टूल लागते. आमच्या खोलीत असे एक स्टूल कायम यंत्रासमोर असते. ओल्या फरशीवर, हातात रक्ताच्या नळ्या असताना स्टुलावर चढणे हा यंत्राच्या वापराचा भाग असावा असे कोणत्याही आराखड्यात लिहिलेले नसणार. पण तो आहे.

यासाठी नवीन शास्त्र शोधण्याची गरज नाही. अमेरिकेच्या २०१० च्या सुगम्यता मानकांनुसार समोर अडथळा नसेल तर बसलेल्या माणसाच्या हाताची कमाल पोहोच ४८ इंच उंचीपर्यंत धरतात, आणि २० ते २५ इंच रुंदीच्या ओट्यावरून हात पुढे न्यायचा असेल तर तीच मर्यादा ४४ इंचांवर येते. चाकाच्या खुर्चीत बसलेल्याचे गुडघे आत जायला ओट्याखाली किमान २७ इंच उंचीची मोकळी जागा लागते. भारतीय शरीरांची मापे हवी असतील तर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने ती १९९७ मध्येच पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आहेत. आपल्याकडे दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ नुसार सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखीव आहेत. नेमणूक होते, हजेरीपटावर नाव चढते, आणि मग त्या व्यक्तीसमोर असे यंत्र येते की जे चालवायला दोन मोकळे हात आणि साडेपाच फूट उंची लागते. कायद्याने दिलेली जागा अशा वेळी यंत्राचा आराखडा काढून घेतो, आणि तसे कोणी कुठे नोंदवतही नाही.

पोहोच म्हणजे फक्त उंची नव्हे. यंत्राची अवस्था दाखवणारा दिवा हिरव्याचा लाल होतो, पण लाल-हिरव्यातला फरक ज्यांना दिसत नाही असे पुरुष आपल्यात आहेत; दिव्याच्या जोडीला चिन्ह किंवा चमकण्याची वेगळी लय दिली तर काही बिघडत नाही. नमुन्यात क्लॉट, म्हणजे रक्ताची गुठळी, आल्याची सूचना केवळ आवाजाने मिळत असेल तर कमी ऐकू येणाऱ्याला ती मिळतच नाही, आणि सेंट्रिफ्यूज फिरत असताना आम्हालाही मिळत नाही. हातमोजे घातलेल्या बोटांना प्रतिसाद न देणारा टचस्क्रीन मी पाहिला आहे. तो ज्यांनी निवडला त्यांनी हातमोजे घालून तो एकदा तरी वापरला होता का, हा प्रश्न मी त्या दिवशी इंजिनिअरला विचारला. तो बिचारा हसला.

मांडणीविषयी माझे म्हणणे एका तत्त्वात बसते: ज्या भागाला हात जितक्या वेळा लागतो, तितका तो भाग पुढे आणि हाताच्या उंचीला असावा. नमुन्यांच्या चकतीला आमचा हात दिवसातून शंभराहून अधिक वेळा लागतो. रीएजंटच्या बाटल्यांना दहा-पंधरा वेळा. पाण्याच्या आणि टाकाऊ द्रवाच्या कॅनला दोन-तीन वेळा. पंख्याची जाळी आणि पाण्याची गाळणी आठवड्याला किंवा पंधरवड्याला. मोजणीसाठी प्रकाश देणारा आतला दिवा काही महिन्यांनी, आणि वीजपुरवठ्याच्या डब्याला वर्षातून एखादे वेळी, तोही सर्व्हिस इंजिनिअरचा. आता माझ्यासमोरचे यंत्र पाहा. वर्षातून एकदा लागणारा डबा उजवीकडे समोर आहे, कारण तिथे केबल आखूड पडते. आठवड्याला लागणारी जाळी भिंतीकडे आहे. दिवा बदलायला वरचे पत्र्याचे कवच काढावे लागते आणि त्याच्या सहा स्क्रूंपैकी दोन मागच्या बाजूला आहेत. ज्याने हे जोडले त्याने ते कारखान्यात, चारही बाजूंनी मोकळ्या टेबलावर जोडले असणार. आमच्याकडे यंत्राला एकच बाजू असते, समोरची. उरलेल्या तिन्ही बाजूंना भिंत, सिंक आणि दुसरे यंत्र असते. आपला आराखडा तपासायचा असेल तर यंत्र तीन बाजूंनी पुठ्ठ्याने बंद करा आणि मग वापरपुस्तिकेतील प्रत्येक देखभालीचे काम पुठ्ठा न हलवता करून पाहा.

प्रोबच्या, म्हणजे नमुना आणि रीएजंट ओढून घेणाऱ्या सुईच्या, हाताचेही थोडे बोलतो. एका खुंटीभोवती फिरणारा हात वर्तुळाचा कंस काढतो, आणि नमुना, रीएजंट, क्युवेट व धुण्याचे भांडे हे सगळे त्या एकाच कंसावर यावे लागतात. म्हणून लहान यंत्रांत नमुने बाहेरच्या कड्यात आणि रीएजंट आतल्या कड्यात अशी एकात एक चकती करतात. जागा वाचते हे खरे. पण एक तातडीची नळी ठेवायला झाकण उघडले की थंड ठेवलेले सगळे रीएजंट खोलीच्या हवेला उघडे पडतात, आणि कोकणातल्या जुलै महिन्यात ती हवा म्हणजे जवळजवळ पाणीच. बाटल्यांच्या गळ्यावर, झाकणाच्या आतल्या बाजूला दव जमते. एकदा दुपारी सलग चार नमुन्यांचे क्रिएटिनिन संशयास्पद आले, कंट्रोल पुन्हा लावले तेही बसेना, आणि अर्धा तास शोधल्यावर दिसले की झाकणाच्या आतून एक थेंब थेट रीएजंटच्या बाटलीच्या तोंडावर पडत होता. थेंब पाहायला मला टॉर्च लागली. दवाचे पाणी वाहून नेणारी पन्हळ यंत्रात होती. ती रीएजंटच्या चकतीखाली होती, चकती काढल्याशिवाय दिसत नव्हती, आणि शेवाळाने बुजली होती. झाकणाच्या आतल्या पृष्ठभागाला थोडा उतार दिला असता आणि पन्हळीचे तोंड पुढे आणले असते तर ते चार रुग्ण पुन्हा रक्त द्यायला आले नसते.

नमुन्यांचे झाकण रीएजंटच्या झाकणापासून वेगळे असावे, हे यातून ओघाने येतेच. प्रोब फिरत असताना हात आत जाऊ नये म्हणून झाकण उघडताच यंत्र थांबते, ही सुरक्षेची सोय हवीच, तिला माझा विरोध नाही. पण एकच झाकण असले की रात्री दोन वाजता सर्पदंशाचा रुग्ण आल्यावर त्याची एक नळी ठेवण्यासाठी चालू असलेल्या तीस तपासण्यांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो. समोरच्या कडेला, ओट्यापासून चार-पाच इंच उंचीवर, एका हाताने ओढता येईल असा लहान रॅक द्या. तातडीचा नमुना तिथून जाऊ दे. ताईंचा सरकवत आणलेला रॅकही मग थेट आत जाईल.

कॅनविषयी लिहिताना मला संकोच वाटतो, कारण विषय फारच घरगुती आहे. पण पाठदुखीचे निम्मे रुग्ण आमच्याच खोलीत आहेत. २० लिटरचा भरलेला कॅन म्हणजे २० किलो वजन, आणि तो ओट्याखालून वाकून ओढावा लागतो. त्याला चाकांची एक ठेंगणी पाटी द्या आणि नळ्यांची जोडणी एका हाताने, न बघता सुटेल आणि बसेल अशी करा. घट्ट द्रवाचा, म्हणजे नमुना आणि रीएजंट मिसळलेल्या टाकाऊ द्रवाचा, आणि धुण्याच्या पाण्याचा कॅन वेगळा ठेवता हे चांगले आहे, कारण जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार प्रयोगशाळेतला कचरा जागेवरच निर्जंतुक करावा लागतो आणि घट्ट द्रव थोडा असल्याने निर्जंतुक करणारे हायपोक्लोराइट कमी लागते. पण दोन्ही कॅन एकाच रंगाचे, एकाच आकाराचे आणि एकाच जाडीच्या नळीचे का? घाईत त्यांची अदलाबदल होते. आणि नळ्या जमिनीलगत जाऊ देऊ नका. उंदरांना त्या आवडतात, हे मी अनुभवाने सांगतो.

यंत्राचा वरचा भाग सपाट ठेवू नका, हीदेखील एक लहानशी सूचना. सपाट पृष्ठभाग दिसला की त्यावर फाइल येते, मग दुसरी, मग चहाचा कप. आणि गरम हवा बाहेर जाण्याची झडप वर असेल तर ती त्याखाली झाकली जाते. आम्हाला शिस्त लावण्यापेक्षा त्याला उतार देणे सोपे आहे.

लहान जागेचा आणि साध्या हातांचा विचार करून यंत्र घडवता येते याचा दाखला फार लांब शोधायला नको. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट क्षयरोगाच्या रेण्वीय (मॉलिक्युलर) तपासणीसाठी आमच्यासारख्या ठिकाणी पोहोचले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. ते बॅटरीवर चालते, साध्या टेबलावर मावते, आणि त्याच्या आराखड्यामागे वातानुकूलित सभागृह नसून वीज जाणारी खोली आहे हे हाताळताना कळते. त्याची आणि बायोकेमिस्ट्रीच्या यंत्राची बरोबरी होत नाही, कामे निराळी आहेत. पण आराखडा कोणत्या खोलीतून सुरू झाला याने किती फरक पडतो, हे त्यातून दिसते.

समित्यांच्या सदस्यांना उद्देशून थोडे. सार्वजनिक आरोग्य सेवेच्या २०२२ च्या मानकांनुसार प्राथमिक आरोग्य केंद्रात ६३, सामुदायिक आरोग्य केंद्रात ९७ आणि उपजिल्हा रुग्णालयात १११ प्रकारच्या निदान सेवा अपेक्षित आहेत. तपासण्या वाढणार, यंत्रे येणार, आणि खोल्या मात्र त्याच राहणार. तेव्हा निविदेच्या तांत्रिक निकषांत तपासण्यांचा वेग आणि रीएजंटच्या जागांची संख्या यांच्याबरोबर आणखी चार ओळी याव्यात: झाकण पूर्ण उघडलेल्या स्थितीतील लांबी-रुंदी-उंची, संगणक, यूपीएस आणि कॅन धरून लागणारी एकूण जागा, जमिनीपासून नमुना ठेवण्याच्या जागेची उंची, आणि केवळ समोरून करता येणाऱ्या देखभालीच्या कामांची यादी. प्रात्यक्षिक पाहताना यंत्र दालनाच्या मधोमध ठेवू देऊ नका, भिंतीला आणि कोपऱ्याला लावायला सांगा. प्रात्यक्षिक कंपनीच्या माणसाने देऊ नये. समितीने सोबत आणलेल्या, यंत्र प्रथमच पाहणाऱ्या तंत्रज्ञाने एका हाताने नमुना ठेवून दाखवावा. आणि दाराचे माप विचारा. माझ्या माहितीतल्या एका रुग्णालयात जमिनीवर उभे राहणारे मोठे यंत्र खोक्यातून काढल्यावरही ३ फुटांच्या दारातून आत जाईना, तेव्हा चौकट काढून भिंत फोडली. यंत्र आत गेले, पण चौकट अजून व्हरांड्यात उभी आहे.

खर्च वाढेल, हे उत्तर मला अपेक्षित आहे. मागची गाळणी पुढे आणायला कागदावर खर्च पडत नाही. साचे तयार झाल्यावर पडतो. म्हणून हे पत्र आपल्या पुढच्या आराखड्यासाठी आहे, विकल्या गेलेल्या यंत्रासाठी नाही. त्याचे आम्ही निभावून नेऊ, जोडाचा प्लायवूड अजून शाबूत आहे.

एखाद्या अभियंत्याला यावेसे वाटले तर कोणत्याही कामाच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास यावे, तेव्हा नमुन्यांची गर्दी असते आणि यंत्राभोवती आम्ही चौघे असतो. येताना मोजपट्टी आणावी. ताईंनी आपल्या बाजूने कोणती कामे एकटीला जमत नाहीत त्याची एक यादी वहीच्या मागच्या पानावर करून ठेवली आहे. ती त्या दाखवतील, आणि झाकणाच्या दोन खिट्या एका हाताने उघडण्याचा प्रयत्न आपल्याकडूनही करून घेतील.

आपला विश्वासू,
एक प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी